ओली पोती

कडूबाई खरात यांच्याबद्दल दोन शब्द बोला, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा श्रीधर देवळाणकर हो म्हणून मोकळे झाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला बोलण्यासारखं काहीच ठाऊक नाही. बाईंच्या नवऱ्याचं नाव काय होतं, तो कधी गेला, बाई शाळेत गेल्या होत्या का, त्यांना खायला काय आवडायचं, रागवायच्या कशावरून, यातलं एकही उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. कितीतरी वर्षं रोज दिसणारं माणूस, आणि माहिती म्हणावी तर जवळपास शून्य.

रविवारी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ते विहारात गेले. पांढरा सदरा घालून मागच्या रांगेत बसले. नाव पुकारल्यावर उठले, माईक हातात घेतला आणि "मी त्यांच्या गोदामाच्या वर राहतो," एवढंच म्हणून खाली बसले. पुढच्या दोघा-तिघांनी मान वळवून पाहिलं, आणखी काही येतंय का.

खरं म्हणजे जे थोडंफार ठाऊक होतं ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं. श्रीधररावांना बाईंचे हात माहीत होते, कारण गॅलरीतून तेवढेच नीट दिसायचे. त्यांची हसण्याची तऱ्हा माहीत होती. आणि एक वास माहीत होता. फुलं, मेणबत्त्या, बाईंचा हार घातलेला फोटो, समोर बसलेले नातेवाईक, यांच्यामध्ये उभं राहून तो वास कसा सांगणार?

श्रीधरराव पाटबंधारे खात्यात हिशेबनीस होते. निवृत्त झाले, पाठोपाठ पत्नी अनसूया गेल्या, मुलगा वरद पुण्याला स्थिरावला, आणि मोठं घर अंगावर यायला लागलं. म्हणून त्यांनी जुन्या मोंढ्यामागच्या, म्हणजे धान्यबाजारामागच्या, गल्लीत पहिल्या मजल्यावरचा हा छोटा फ्लॅट घेतला. घेण्यापूर्वी नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं, ऊन कुठून येतं ते पाहिलं, जिना मोजक्या पायऱ्यांचा आहे याची खात्री केली. खाली काय आहे ते मात्र पाहिलं नाही. खाली बारदानाचं गोदाम होतं.

बारदान म्हणजे वापरलेली तागाची पोती. डाळमिलमधून, तेलगिरण्यांतून, किराणा दुकानांतून ती रिकामी होऊन गाड्या भरभरून इथे यायची. इथे ती झटकायची, धड आणि फाटकी वेगळी करायची, फाटकी शिवायची आणि पुन्हा बाजारात पाठवायची. गोदामाचा मालक अभय हा तरणा, बोलका माणूस. आजोबांपासूनचा धंदा चालवत होता. कामाला चार-पाच बाया असत. बाकीच्या येत-जात राहायच्या. कडूबाई आणि दगडाबाई या दोघी कायमच्या.

पोतं फाटतं कशाने? थोडं हमालाच्या हुकाने, थोडं ओढाताणीने, आणि उरलेलं सगळं उंदराने. दाणा पोत्यात असतो तेव्हा उंदीर भोक पाडून आत जातो, आणि पोतं रिकामं झालं तरी वास धरून त्याच्या मागे येतो. कडूबाई म्हणायच्या, उंदीर हाच आमचा मुकादम, तो भोकं पाडतो तवा आमाला काम. हे ऐकून बाया हसायच्या. वर गॅलरीत श्रीधरराव खुर्ची आत ओढायचे.

गोदामाच्या मागे नाला होता. त्या नाल्यातून घुशी वर यायच्या, मांजराएवढ्या, अंगावरचे केस चिकटून बसलेल्या, दिवसाउजेडी. मागच्या भिंतीला जमिनीलगत एक काळपट, तेलकट पट्टा उमटला होता. तो कसला, हे श्रीधररावांना बरेच दिवस कळलं नाही. मग एका दुपारी त्यांनी एकामागून एक तीन घुशी त्या भिंतीला अंग घासत जाताना पाहिल्या, आणि त्यांना कळलं.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते सकाळचा चहा घेऊन गॅलरीत बसले होते. खाली कडूबाईंनी एक पोतं उलटं करून झटकलं. आधी कोंडा पडला, मग लेंड्यांचा सडा पडला, आणि शेवटी पापडासारखा चपटा होऊन वाळलेला एक उंदीर फरशीवर आपटला. कडूबाई दगडाबाईंशी कुणाच्यातरी लग्नाचं बोलत होत्या. बोलणं न थांबवता त्यांनी तो शेपटीला धरून उचलला आणि भिंतीपलीकडे नाल्यात भिरकावला. तोच हात पदराला पुसला आणि त्याच हाताने कपाळावरचे केस मागे सारले. श्रीधररावांनी चहा मोरीत ओतला. पुढे कितीतरी दिवस तुरीची डाळ धुताना त्यांचा हात थांबायचा. ही कुठल्या पोत्यातून आली असेल, असं मनात यायचं आणि ते पुन्हा एकदा पाणी बदलायचे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात ही चैनच होती.

दुसऱ्या एका वेळी पोत्यांच्या थप्पीतून उंदराची पिल्लं निघाली. बोटाच्या पेराएवढी, उघडीनागडी, कातडीतून आतलं सगळं दिसणारी, एकमेकांत गुंतून वळवळणारी. कडूबाईंनी ती खराट्याने डब्यात लोटली आणि डबा बाहेर नेऊन रिकामा केला. ते पोतं मात्र टाकलं नाही. जिथे घरटं होतं तिथे मोठं भोक होतं, त्यावर ठिगळ लावलं.

पण श्रीधररावांना सगळ्यात असह्य व्हायचं ते वेगळंच. पोतं शिवताना कडूबाई सुतळीचं टोक तोंडात धरून ओलं करायच्या, जिभेवर वळायच्या आणि मग दाभणात ओवायच्या. टाका संपला की सुतळी दाताने तोडायच्या. कात्री शेजारीच पडलेली असायची. ते पाहिलं की श्रीधररावांच्या स्वतःच्या जिभेवर ताग आल्यासारखा वाटायचा आणि ते आत जाऊन चूळ भरायचे.

त्यांनी खाली जाताना नाकाला रुमाल लावायची सवय लावून घेतली. एकदा ते गेटपाशी दूधवाल्याची वाट पाहत उभे होते. कडूबाई खांद्यावर पोत्यांचा गठ्ठा घेऊन बाजूने गेल्या, दोन पावलं पुढे जाऊन थांबल्या.

"काका, येक इचारू का? ह्यो रुमाल उंदरासाठी हाय का माझ्यासाठी?"

"उंदरासाठी," श्रीधरराव म्हणाले. "अगदी उंदरासाठीच."

"बरं बरं. इचारून ठिवलेलं चांगलं."

आत जाऊन त्यांनी दगडाबाईंना काहीतरी सांगितलं आणि आतून दोघींचं हसू ऐकू आलं.

श्रीधरराव वर आले ते अस्वस्थ होऊनच. त्यांच्या लहानपणी घरात कुणाला कुठपर्यंत येऊ द्यायचं याच्या रेषा आखलेल्या होत्या, आणि आपण ते सगळं केव्हाच पुसून टाकलं, असं ते समजत आले होते. कचेरीत ते सगळ्यांच्या डब्यातलं खात. पण आपलं उत्तर जरा घाईनेच बाहेर पडलं, असं त्यांना वाटत राहिलं. त्यांनी स्वतःलाच विचारून पाहिलं: हाच वास, हीच पोती, आणि शिवणारी बाई आपल्या नात्यातली असती तर रुमाल लावला असता का? लावला असता. पण अगदी तिच्या तोंडासमोर लावला असता का? त्या दिवसापासून कडूबाई दिसल्या की ते रुमाल खिशात घालायचे आणि तोंडाने श्वास घ्यायचे. त्याने आणखी वाईट व्हायचं. वास नाकातून न जाता घशातून जायचा.

त्या दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच होतं. पाणी आलं का, आलं. वीज गेली का, गेली. एकदाच काय त्या कडूबाई मुद्दाम जिना चढून वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा सम्यक चितेगावच्या एका कंपनीत लागला होता आणि त्याला मुलगी सांगून आली होती. मुलीकडचे शिकलेले, घरात नोकरदार. सम्यकने त्या लोकांना सांगून ठेवलं होतं की आई एका दुकानात देखरेख करते. आता ते लोक चौकशीला येतील, आजूबाजूला विचारतील, तेव्हा काकांनी तेवढंच सांगावं. बाई पोती मोजून घेती, म्हणावं. शिवती असं म्हणू नका. श्रीधररावांनी मान डोलावली. चौकशीला कुणी आलं नाही, लग्न तसंच ठरलं, पण शब्द दिला तो दिला.

त्या वर्षी पावसाने ऑगस्टात मुक्काम ठोकला. नाला तुंबला, गोदामाच्या मागच्या भिंतीतून पाणी पाझरायला लागलं आणि मागच्या थप्पीतली खालची पोती भिजली. नाल्यातली बिळं बुडाली म्हणून घुशींनीही बिऱ्हाड उचललं आणि त्याच थप्पीत आणलं. तिथेच त्या खायच्या, तिथेच व्यायच्या, तिथेच मुतायच्या. तो वास वर यायचा तेव्हा डोळे चुरचुरायचे. कुजलेला शेंगदाणा, मोरीतली घाण आणि वर काहीतरी झणझणीत. श्रीधररावांनी गॅलरीचं दार पावसाळाभर बंद करून टाकलं. खिडकी मात्र बंद करता येईना, स्वयंपाकघरात दुसरी हवाच नव्हती.

ती ओली पोती शिवायला बाया तयार नव्हत्या. दगडाबाईंनी सरळ सांगितलं, त्याला हात लावला की जेवण जात नाही. कडूबाईंनी मात्र ती सगळी आपल्याकडे ओढली. अभयला वाटलं बाई समजूतदार आहे. बायांना वाटलं आपल्यासाठी करते. तसं काही नव्हतं. कडूबाईंची बोटं सांध्यांत आखडली होती. कोरडा ताग कडक असतो, त्यात दाभण घालायला जोर लागतो आणि तळहाताला भोकं पडतात. ओला ताग मऊ असतो. श्रीधररावांना त्यांनीच एकदा खिडकीखालून वर बघत, डोळा बारीक करून सांगितलं होतं.

"समद्या म्हणत्यात कडूबाई लई गुणाची. म्या काय येडी हाय का काका? ओल्या पोत्याला जोरच लागत नाय. बोटांला सुख हाय."

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी कदाचित निभावलं असतं. पण त्यांनी पुढची युक्ती काढली. संध्याकाळी घरी जाताना दुसऱ्या दिवशीची कोरडी पोतीसुद्धा त्या मागच्या ओल्या थप्पीखाली दाबून ठेवायची, म्हणजे सकाळी मऊ मिळतात. घुशी रात्रभर त्यावर नांदायच्या. सकाळी कडूबाई ती पोती ओढून काढायच्या, लेंड्या झटकायच्या, पण ओल काही झटकता येत नाही. मग मांडी घालून त्यावरच बसायच्या, भेगा पडलेल्या अनवाणी पायांच्या अंगठ्यात पोत्याचं तोंड धरायच्या आणि सुतळी तोंडात घालायच्या. अभयने रबरी हातमोजे आणून दिले होते. ते घातल्यावर बोटं आंधळी होतात म्हणून बाईंनी ते खिळ्याला अडकवले. एका मोज्यात पुढे उंदरानेच संसार थाटला.

श्रीधरराव हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. त्यांना किळस येत होती, पण भीती वाटत नव्हती. घाण म्हणजे घाण, एवढंच त्यांना माहीत होतं. आजार डासांनी होतो, पाण्याने होतो; उंदराने झालाच तर चावल्यावर होत असेल, अशी त्यांची समजूत होती.

पावसाने उघडीप दिली त्या सुमारास कडूबाई तापल्या. एक दिवस त्या पोत्यांवरच आडव्या झालेल्या दिसल्या. डोळे लाल झाले होते, चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसते लालभडक. पिंढऱ्या अशा दुखत होत्या की दगडाबाईंनी चेपायला हात लावला तर कण्हल्या. गल्लीतल्या डॉक्टरने व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. दोन दिवस घरी राहून त्या पुन्हा कामाला आल्या, पुन्हा झोपल्या, आणि मग यायच्या थांबल्या. दगडाबाईंकडून कळलं की डोळे पिवळे झाले, कावीळ आहे.

कावीळ म्हटल्यावर पुढचं ठरलेलंच. त्यांचा भाऊ सांडू कन्नडकडून जीप घेऊन आला आणि काविळीचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे त्यांना घेऊन गेला. सम्यक तेव्हा रात्रपाळी करून झोपला होता. दगडाबाई बरोबर गेल्या होत्या, त्यांनी परत आल्यावर सगळं हातवारे करून सांगितलं आणि श्रीधररावांना जिन्यात उभं राहून ऐकावं लागलं. त्या माणसाने कसल्याशा कडू फळाचा रस नाकात पिळला. थोड्याच वेळात नाकातून पिवळं पाणी गळायला लागलं, धार लागली, खाली ठेवलेल्या ताटलीत जमा झालं. सगळे ताटलीभोवती वाकून बघत होते. बघा, कावीळ उतरली, असं तो म्हणाला. आता तेल-हळद बंद, उसाचा रस चालू. कडूबाईंनी घरी येऊन उसाचा रस घेतला आणि सगळा ओकला. लघवी चहाच्या रंगाची झाली, मग अगदी थेंब थेंब, मग बंद. सम्यकला हे कळलं तेव्हा तो मामावर ओरडला आणि आईला रिक्षात घालून घाटीत, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभयने श्रीधररावांचं दार वाजवलं. कडूबाईंचं आधार कार्ड आणि दवाखान्याच्या योजनेचं कार्ड एका पिशवीत गोदामातच राहिलं होतं आणि तिकडे ते मागत होते. अभयचा ट्रक उभा होता. काका, तेवढं नेऊन देता का? श्रीधररावांना नाही म्हणायला जमत नसे. पिशवी हातात घेतली तर तिचा कोपरा कुरतडलेला आणि आत दोन लेंड्या. त्यांनी ती दुसऱ्या पिशवीत घातली, ती तिसऱ्या पिशवीत घातली, आणि हात अंगापासून लांब धरून रिक्षात बसले.

वॉर्डात त्यांना कडूबाई लवकर ओळखूच आल्या नाहीत. चेहरा सुजलेला, कातडी पिवळी, आणि डोळ्यांत त्या पिवळ्यामध्ये रक्ताचे लाल डाग. कॉटच्या खाली लघवीची पिशवी लटकत होती आणि तिच्या तळाशी काळपट चमचाभर काहीतरी. श्रीधररावांनी नजर वळवली. कॉटच्या एका बाजूला सम्यक उभा होता. दुसऱ्या बाजूला स्टुलावर इस्त्रीच्या साडीतल्या एक बाई बसल्या होत्या. सम्यकने ओळख करून दिली, या रत्नमालाताई, म्हणजे मुलीच्या आई. बघायला आल्या होत्या.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. तरुण, थकलेल्या, पण बोलायला नीट. त्या एकेक विचारत गेल्या. शेतात काम करता का? गुरं आहेत का? साचलेल्या पाण्यात उभ्या होता का? घरात उंदीर आहेत का?

"नाही मॅडम," सम्यक म्हणाला. "आमचं घर पक्कं आहे, फरशीचं. आई रोज पुसते."

"काम काय करतात?"

"दुकानात असते. देखरेख."

डॉक्टरांनी कडूबाईंकडे पाहिलं. कडूबाईंनी हो म्हणून मान हलवली. मग कडूबाईंची नजर पायथ्याशी उभ्या असलेल्या श्रीधररावांवर पडली आणि तिथेच थांबली. त्यांनी मान थोडी, अगदी थोडी, नकारार्थी हलवली.

श्रीधररावांना कळलं की आपल्याला शब्दाची आठवण करून दिली जाते आहे. त्यांना हेही दिसत होतं की डॉक्टर उंदरांबद्दल विचारताहेत ते उगाच विचारत नाहीत, आणि या खोलीत ते सांगू शकणारं दुसरं कुणी नाही. दगडाबाई नाहीत, अभय नाही. सम्यकने गोदाम आतून कधी पाहिलेलं नव्हतं; आईने येऊच दिलं नव्हतं. डॉक्टर पुढच्या कॉटकडे वळल्या. श्रीधरराव त्यांच्या मागे दोन पावलं गेले.

"मॅडम, त्या ओली पोती शिवतात. उंदरांनी मुतलेली."

डॉक्टर वळल्या. "काय म्हणालात?"

आणि मग त्यांनी श्रीधररावांना पुन्हा कॉटपाशी आणलं आणि सगळं विचारलं. कुठे, केव्हापासून, पायात काही असतं का, हातांना जखमा आहेत का. श्रीधररावांचा आवाज एरवी शेजारच्यालाही ऐकू जात नसे, पण त्या दिवशी तो चिरका होऊन वॉर्डभर गेला. नाल्याचं सांगितलं, घुशींचं सांगितलं, थप्पीखाली रात्रभर दाबून ठेवलेल्या पोत्यांचं सांगितलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना म्हणून हेही सांगितलं की सुतळी त्या तोंडात धरतात आणि दाताने तोडतात.

रत्नमालाताईंनी पदर नाकाला लावला. स्टूल जरासं मागे सरकलं. श्रीधररावांनी ते पाहिलं आणि गेटपाशी उभे असताना आपण कसे दिसत होतो, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. कडूबाईंनी डोळे मिटून घेतले होते. आसवं आली असतील तर ती त्या सुजलेल्या पापण्यांच्या आतच राहिली.

डॉक्टरांनी सम्यकला समजावून सांगितलं. ही साधी कावीळ नाही. लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात आणि त्याच्या लघवीतून बाहेर पडतात. कोरड्यात ते लवकर मरतात, ओलीत टिकतात. माणसाच्या कातडीला भेग असली, जखम असली, की तिथून आत शिरतात. तोंडातून, डोळ्यांतून शिरतात. मग यकृत, मूत्रपिंड, काहीही धरतात. रक्त तपासायला पाठवते, पण रिपोर्टची वाट बघत नाही, औषध आत्ताच सुरू करते. तिथे आणखी कोण कोण काम करतं, त्यांनाही पाठवा.

"आणि उंदराचं काय होतं?" सम्यकने विचारलं.

"बहुतेक वेळा काहीच होत नाही. तो ठणठणीत असतो."

बाहेर व्हरांड्यात सम्यकने श्रीधररावांना गाठलं. तो रागावला होता, पण आवाज चढवला नाही. काका, तुम्ही सांगितलं ते बरोबरच केलं, पण डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का? ते श्रीधररावांना सुचलंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट, वॉर्डाच्या दारापर्यंत चालत जाण्याची.

कडूबाईंचं रक्त यंत्रावर काही वेळा शुद्ध करावं लागलं, पण त्या वाचल्या. डॉक्टरांनी नंतर सम्यकला असंही सांगितलं की शंका त्यांना आधीपासून होतीच, काकांच्या बोलण्याने पक्की झाली एवढंच. हे सम्यकने श्रीधररावांना सांगितलं. त्यामुळे आपण बोललो नसतो तरी चाललं असतं की काय, हा प्रश्न त्यांना कायमचा चिकटला.

दगडाबाईंना आणि बाकीच्या बायांना तपासून गोळ्या दिल्या. अभयने माणसं लावून मागची थप्पी उपसली. त्या दिवशी श्रीधररावांनी दार-खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी आवाज येत होता. वरची पोती निघेपर्यंत शांतता होती. खालची हलवली आणि घुशी सुटल्या, माणसांच्या पायांवरून, भिंतीवरून, जिन्यातून. बायांचा गलका उठला. थोड्या वेळाने श्रीधररावांनी गॅलरीच्या काचेतून पाहिलं, तर कपडे वाळत घालायच्या दोरीखाली एक उंदीर बसला होता. पळत नव्हता, घाबरलेला नव्हता. पुढचे पाय जिभेने ओले करून तोंड पुसत होता, एकदा या गालावरून, एकदा त्या गालावरून, एखादा माणूस अंघोळीनंतर बसावा तसा. चकचकीत, धष्टपुष्ट. श्रीधररावांना ओकारी आली. ते मोरीपर्यंत पोचले नाहीत.

सम्यकचं लग्न मोडलं नाही. रत्नमालाताईंनी एवढंच सांगितलं की विहीणबाईंनी पुन्हा त्या गोदामात पाऊल टाकायचं नाही. चितेगावला सम्यकने खोल्या घेतल्या आणि कडूबाई तिकडे गेल्या. मूत्रपिंडं मात्र पुरती सावरली नाहीत. पाय सुजायचे, धाप लागायची, तपासणीच्या खेपा चालू राहिल्या, आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या.

त्याआधी एकदाच त्या गोदामापाशी आल्या होत्या. घाटीतून परत जाताना वाट वाकडी करून दगडाबाईंना भेटायला आलेल्या. आत गेल्या नाहीत, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. श्रीधरराव भाजी घेऊन आले तर त्या समोर. ते दोन पायऱ्या सोडून कठड्याला धरून उभे राहिले. कडूबाईंनी चितेगावचं सांगितलं. तिथे करमत नाही. सूनबाई कशाला हात लावू देत नाही. विहीणबाई येतात, पण कडूबाईंनी पाणी पुढे केलं की म्हणतात, राहू द्या, तुम्हाला त्रास नको. हे सांगताना बाईंनी विहिणीचा आवाज काढला आणि स्वतःच हसल्या.

मग हसू थांबलं. "काका, तुमी बोलले म्हणून म्या वाचले, हे समदे म्हणत्यात. ते खरं असंल. पर सुतळी दातानं तोडती, हे कशापायी सांगितलं? तेवढं ऱ्हायलं असतं तर चाललं नसतं व्हय?"

श्रीधररावांनी पुष्कळ विचार केला. डॉक्टरांना ते लागलं असेल, किंवा नसेलही. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात पैठण रोडकडे जाणारी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि रिक्षावाल्याने हॉर्न दिला. बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. श्रीधररावांच्या हातातल्या पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"आज काय करताव जेवायला?"

"पिठलं."

"कांदा घालता ना?"

"नाही. चिरायचा कंटाळा येतो."

"घालीत जावा काका. नुसतं पिठलं काय खाता."

"बरं," श्रीधरराव म्हणाले.